आत्याने सोडलेली गाडी

आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली गाडी आत्यानेच सोडली आणि स्वतः फलाटावर राहिली. हे ऐकून लोक हसतात. आता मीही हसते, पण त्या सकाळी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आत्या आमच्या गावची स्टेशनमास्तर. हे स्टेशन मुळात माणसांसाठी नव्हतंच. खाणीतला दगड न्यायला रूळ टाकले, आणि वाफेचं इंजिन इथे पाणी भरायला थांबायचं. थांबतंच आहे तर आपणही चढू, म्हणून गाव चढायला लागलं. आता खाण बंद, पाण्याच्या टाकीवर कबुतरांचा संसार, आणि स्टेशनात तिकिटाचं यंत्र, मोबाइल चार्ज करायची सोय, शिवाय लिफ्ट. लिफ्टने पुलावर जाता येतं. पुलापलीकडे फलाट अजून बांधलेला नाही, पण आत्या लिफ्ट रोज पुसून घेते.

आपल्या स्टेशनातून गाडी उशिरा सुटलेली तिला खपत नसे. धावत येणाऱ्यांच्या तोंडावर तिने बिनदिक्कत हिरवा झेंडा हलवला आहे. त्यात माझे बाबा होते, गावचे डॉक्टर होते आणि सूरवाले काका तर कायमच. काका शहरातून वाद्यं दुरुस्त करायला यायचे आणि परतीची गाडी हमखास चुकवायचे. मग पुढची येईपर्यंत प्रतीक्षालयात मुक्काम. आत्या त्यांना आधी वक्तशीरपणावर व्याख्यान द्यायची, नंतर चहा, नंतर अर्धा डबा. पुढे पुढे काका टाकीआड उभे राहून गाडी जायची वाट बघतात, हे आत्या सोडून अख्ख्या गावाला ठाऊक झालं.

त्यांनी लग्नाचं पहिल्यांदा विचारलं तेव्हा "मग गाड्या कोण सोडणार?" म्हणून आत्याने नकार दिला. दुसऱ्यांदा मात्र ती लाजली, आणि शहरातल्या नोंदणी कचेरीत लग्न ठरलं.

सकाळच्या गाडीत सगळं वऱ्हाड चढलं. मी पाण्याची बाटली घ्यायला उतरले, आणि मला हाक मारायला आत्या. तिच्या बदलीवर आलेले नवे साहेब शिट्टीसाठी खिसे चाचपत होते. एक खिसा, दुसरा खिसा, मग रुमाल. आत्याला ते बघवेना. तिचे हात शिवशिवले.

"अहो, द्या इकडे," म्हणत तिने त्यांच्या काखेतला हिरवा झेंडा ओढला आणि असा झोकात हलवला की गाडी लगेच निघाली. खिडकीतून बाबा काहीतरी ओरडत होते. आत्याने सवयीने त्यांनाही हात केला. शेवटचा डबा गेल्यावर तिने खाली बघितलं. पायात लग्नातल्या चपला होत्या.

"अगं," ती मला म्हणाली, "मी जायची होते ना?"

रुळांच्या कामामुळे संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या गाड्या रद्द होत्या. गावात टॅक्सी एकच, आणि तिचा चालक वऱ्हाडात. कचेरीत लग्न लावणाऱ्या बाई उद्यापासून लांब रजेवर. आत्या बाकावर मटकन बसली. "एकदा मी नाही म्हणाले, आज पोचलेच नाही. त्यांनी काय समजायचं?" तिचे डोळे भरून आले आणि मलाही रडू फुटलं.

वऱ्हाड शहरात पोचलं असेल अशा बेताने मी बाबांना फोन लावला. बराच गलका ऐकू आला, मग काकांचा आवाज. "तिला सांग, कचेरीतल्या बाई याच लाइनवर राहतात. संध्याकाळच्या गाडीने घरी जाताना वाटेत तुमच्याकडे उतरायला तयार आहेत. पण त्याच गाडीने पुढे जाणार. मीही येतोय."

"गाडी चुकवतील ते," आत्या म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत तिने लिफ्ट तीनदा पुसली.

गाडी आली. दारात पहिले उभे होते काका, खिशाला फूल उलटं खोचून. वऱ्हाड कचेरीतल्या बाईंना घेऊन प्रतीक्षालयात घुसलं, तिकिटाच्या यंत्रावर कागद पसरले, आत्याने सही ठोकली. काकांनी पेन घेतलं आणि चष्मा शोधायला लागले. एक खिसा, दुसरा खिसा, मग रुमाल. बाहेर नव्या साहेबांना आज पहिल्यांदाच शिट्टी वेळेवर सापडली होती. बाई पर्स उचलून दाराकडे निघाल्या.

आत्याने गाडीकडे बघितलं, मग काकांकडे. मग ती ताडताड बाहेर गेली, साहेबांच्या हातातला लाल झेंडा घेतला आणि इंजिनासमोर धरून उभी राहिली. ड्रायव्हरने आ वासला. तो याच मार्गावर म्हातारा झाला होता आणि आत्याच्या हातात लाल झेंडा त्याने कधी पाहिला नव्हता.

झेंडा माझ्याकडे देऊन ती माइकपाशी गेली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. फलाटावर उभी असलेली गाडी उशिराने सुटेल. आमचे हे चष्मा शोधतायत." डब्याडब्यातून डोकी बाहेर आली. आत्याने नेहमीचं वाक्य सुरू केलं. "प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही..."

ती थांबली. काचेतून तिला काका दिसत होते. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

"आम्ही अजिबात दिलगीर नाही," ती म्हणाली.