सळई जिथं अडते

मी एक सळई. जमिनीतली ओल पाहायची. आवाज जरा कापरा येईल, समजून घ्या. बोलायची सवय नाही, आणि सध्या मी चार बोटं मातीत आणि बाकी सगळी हवेत उभी आहे. वारा सुटला की अंगभर थरथर होते. तसा माझा स्वभावही घाबरटच. लोखंडाला कसला आलाय स्वभाव, असं म्हणाल. पण जिला दर पेरणीआधी अंधारात नाक खुपसायला लावतात, तिला पुढ्यात काय येईल याची धास्ती असणारच ना?

आधी मी एका मोडक्या फाटकाचा गज होतो. वेल्डरनं कापलं, घासलं, टोक काढलं आणि गजाची सळई झाली. धरायला मूठ हवी म्हणून घरातल्या मुलीच्या तीनचाकी सायकलचं हँडल माझ्या डोक्यावर जोडलं. मुलगी तोवर मोठी होऊन शिकायला दूर गेली होती. हँडलला लाल रबरी मुठी तशाच होत्या. वेल्डर हसला. "हे काय, शेतीचं हत्यार की खेळणं?"

"खेळणं कसलं? पेरायचं कधी ते हीच सांगणार," माझा मालक म्हणाला. "आमचं पोट आता हिच्यावर."

त्याची बायको बाजूलाच उभी होती. "पोट हिच्यावर टाकू नका म्हणजे झालं. वाकेल बिचारी."

त्या क्षणापासून मला ती बाई आवडली.

माझं काम सोपं आहे. ओल असेल तिथं माती मला आत घेते, ओल संपली की अडवते. मग मला उपसायचं आणि किती आत गेले ते वितीनं मोजायचं. बस. यंत्र नाही, काटा नाही. बरीच वर्षं मी हातभर आत जायचे आणि मालक शीळ घालत घरी परतायचा. हिवाळ्यातल्या पावसाच्या ओलीवर वसंतात पेरायची आमच्याकडची रीत. पेरणी झाली की मी शेडमधल्या खिळ्यावर, पुढच्या वसंतापर्यंत. कोळी माझ्या हँडलवर जाळी विणायचे. सगळं ठीक असलं की मला कोणी विचारत नाही. तक्रार नाही हं, ते दिवस मला आवडायचे.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकायची. मालक मला नेहमी एकाच जागी रोवायचा. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला जमीन खोलगट आहे, शेजारून पाट जातो. तिथं कायम गारवा. दोन-चार पावलं इकडेतिकडे, पण विचारायचं तिथंच. वरचं रान उताराचं. सगळ्या रानाचा अर्धा भाग तो, आणि तिकडे मला कधी नेलंच नाही.

"वर नाही का बघायचं?" बायकोनं एकदा विचारलं होतं.

"गाडी इथं लावतो, म्हणून इथं बघतो. माती सगळी एकच आहे गं."

माणसांचं हे मला फार नवल वाटतं. उत्तर चांगलं मिळेल अशाच जागी प्रश्न विचारतात.

गेल्या वर्षी तेच झालं. खोलगटात मी हातभर गेले, त्यानं सगळं रान पेरून टाकलं. उतारावर बियांना मोड आले, पण मुळं खाली गेली तर तिथं काही नव्हतं. बायकोनं नखानं माती उकरून ते दोऱ्यासारखे मोड तळहातावर घेतले. दुबार पेरणी करावी लागली. घरात जादाचं म्हणून ठेवलेलं बी त्यात गेलं, आणि दुसऱ्या खेपेला उगवलं तेही जेमतेम.

यंदा बी आहे ते एका पेरणीपुरतं. त्यांच्या स्वतःच्या रानातलं, निवडून, वाळवून ठेवलेलं. पोती झोपायच्या खोलीत पलंगाशेजारी आहेत, उंदरांच्या भीतीनं. ती माती ओळखणारं बी बाहेर कुठं मिळत नाही, असं बायको फोनवर मुलीला सांगत होती. हे गेलं की गेलं.

आणि हिवाळा सगळा कोरडा गेला. वसंत आला तोच धूळ घेऊन. खिडक्यांच्या चौकटींवर माती, अंथरुणात माती. बायको ताट मांडायच्या आधी टेबल पुसायची आणि ताट मांडल्यावर पुन्हा पुसायची. चहाच्या कपावर बशी. मालक दिवसातून कितीदा तरी दारात यायचा, आकाशाकडे बघायचा आणि आत जायचा.

शेजारच्या रानवाल्याला सगळे धांदलमामा म्हणतात. गावात सगळ्यात आधी पेरणी त्याची. एका सकाळी त्याच्या रानातून धुळीचा लोट उठला आणि त्या लोटातून तो कुंपणापाशी आला, भुवयांपर्यंत पिठासारखी माती.

"काय हो, बी उबवताय का घरात? माझं झालंसुद्धा पेरून!"

"एवढ्या कोरड्यात?"

"धूळपेरणी म्हणतात तिला! बी टाकून ठेवायचं, पाऊस येईल तेव्हा येईल. तुम्ही बसा सळईला विचारत. सायकल चालवा तिच्यावर!"

मालक हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. घरात येऊन बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "मी पण उद्या टाकून देतो. सगळं. एकदा पेरलं की डोक्याला शांतता."

"डोक्याला शांतता म्हणून पेरायचं?"

"मग काय करू? बसून राहू? पाऊस उद्या आला तर?"

"आणि नाही आला तर? अहो, गेल्या वेळी दुबार पेरायला हातात काहीतरी होतं. यंदा पलंगाशेजारी आहे तेवढंच." ती उठली, शेडमध्ये आली आणि मला खिळ्यावरून काढलं. "चला. आज वर जाऊ."

उतारावर जाताना माझी छाती धडधडत होती. सळईला छाती नसते, ठाऊक आहे मला. धसकटं पायाखाली कडकड मोडत होती. एका जागी तिनं मला त्याच्या हातात दिलं. त्यानं रोवलं. वरची भुरभुरीत माती सरकली आणि लगेच, अगबाई, मी अडले. दगडच लागला असं वाटलं. दगड नव्हता. नुसती कोरडी जमीन, दातावर दात घट्ट दाबून बसलेली.

"किती?" तिनं विचारलं.

"चार बोटं. इथं काहीतरी असेल खाली."

दुसऱ्या जागी चार बोटं. तिसऱ्या जागी तेही नाही. मग त्याला राग आला. कोणावर ते त्यालाही कळलं नसेल. त्यानं दोन्ही लाल मुठी धरल्या आणि सगळं वजन टाकलं. माझं अंग कमानीसारखं वाकायला लागलं. मला त्याच्यासाठी आत जावंसं वाटत होतं, खरंच. त्याचा चेहरा इतका जवळ होता. पण मला जाता येत नव्हतं.

"बघ, जातेय अजून," तो म्हणाला.

"ती जात नाहीये. तुम्ही घालताय."

त्यानं हात सोडले. मी परत सरळ झाले, पण पुरती नाही. मधे थोडा बाक राहिलाय, तुम्हाला दिसेल.

मग बायको हळूच म्हणाली, "खालचं पेरू. पेरणीयंत्राचे फण खोल लावा, बी ओलीत पडेल. वरून रोलर फिरवा, म्हणजे ती ओल उडणार नाही. आणि वरचं यंदा राहू द्या. नांगरूही नका. धसकटं उभी असली तर माती तरी जागेवर राहील."

"रान पडीक ठेवू? रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं हेच दिसतं."

"दिसू दे."

"माझ्या हातून रान कधी रिकामं राहिलेलं नाही."

"गेल्या वर्षी राहिलं होतं," ती म्हणाली. "फक्त पेरून राहिलं."

तिनं ते टोमण्यानं म्हटलं नव्हतं. दमून म्हटलं होतं. तो खाली बसला, एक ढेकूळ उचललं, चुरडलं. त्याची नुसती पूड झाली आणि बोटांतून वाऱ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन पुन्हा निघाली. पाटापासून वर चढत, जागोजागी रोवत. हातभर, दोन विती, वीत, मग चार बोटं. जिथं चार बोटांवर अडले तिथंच त्यानं मला उभं ठेवलं. पेरणी इथपर्यंत. पेरणीयंत्र खालून घरघरत माझ्याकडे यायचं, माझ्यापाशी फण उचलायचं आणि वळून परत जायचं. दर वेळी मी डोळे मिटून घ्यायचे, अंगावर येतंय की काय!

शेवटच्या फेरीला त्यानं इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की मी दचकले. तो उतरला. वरच्या रानाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे आला आणि माझ्या हँडलवर दोन्ही हात ठेवले. मी अंग चोरलं. आता दाबणार, आता पुरती मोडणार. त्यानं भार टाकलाही. पण खाली ढकलायला नाही. दमलेला माणूस कोणाच्या तरी खांद्यावर टेकतो, तसा. त्या कोरड्या जमिनीत मी इतकी घट्ट रुतले होते की जागची हलले नाही.

"अहो, घरी चला," खालून बायकोनं हाक मारली.

"आलो," तो म्हणाला. पण आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला.

मी अजून इथंच आहे. खाली पेरलेल्या रानावर रोलरच्या रेघा आहेत, अंकुर अजून वर आलेला नाही. अर्धी पोती पलंगाशेजारी तशीच आहेत. धांदलमामाच्या रानात पाखरं उतरतात, माती उकरून बी टिपतात. तो कुंपणाशी येतो आणि हल्ली तोही आधी आकाशाकडे बघतो. ढग येतात, जातात. मला काही ठाऊक नाही, मी फक्त ओल सांगते, पाऊस नाही.

एवढंच मागते. मला विचारायचं असेल तर उत्तर नकोसं वाटतं त्या जागी आधी विचारा. आणि फारच दमलात तर टेका माझ्यावर, मी धरीन. फक्त दाबू नका.