थांबवायचं बोट

"सर, तुम्ही शिकवायचं सोडून दिलं का?"

मदिहानं भर वर्गात विचारलं. सरांना हे विचारून दाखव, अशी पैज गायत्री आणि जगदेवीनं लावली होती, डबाभर बोरांची. आता दोघी वहीआड तोंड लपवून बसल्या होत्या.

युवराज सर गणिताचे. दिवाळीनंतर त्यांनी नवंच काढलं होतं. धडा शिकवतानाचा स्वतःचा व्हिडिओ करायचा, संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांनी तो घरी बघून यायचा आणि वर्गात नुसती गणितं सोडवायची. सर बाकांमधनं फिरत, कुणी अडलं की शेजारी टेकून बसत.

सर रागावले नाहीत. "असं वाटतंय व्हय? बरं, कालचा व्हिडिओ कुणी बघितला?"

हात मोजकेच वर गेले. गायत्रीचा खालीच होता.

"पप्पांचा फोन रानात जातो सर," ती म्हणाली. "ते येतात तवा चार्जिंग संपलेलं असतं. मग वर्गात म्या काय सोडवू? आधी निदान तुमचं बोलणं तरी कानावर पडायचं."

सर तिच्या बाकाशी येऊन टेकले. "हे मला आधी विचारायला पायजे होतं. शनिवारपर्यंत काही जमतंय का बघू. न्हाय तर सोमवारपासून आपला फळा."

वर्ग खूश झाला. मदिहाला मात्र फळा नको होता.

मागच्या वर्षी ही पोरगी गणिताच्या तासाला मान वर करत नव्हती. सर फळ्यावर भराभर पुढं जायचे, ती पहिल्याच पायरीवर अडकलेली असायची, आणि "समजलं न्हाय" म्हणायला जीभ रेटायची नाही. व्हिडिओतले सर वेगळे. स्क्रीनवर बोट ठेवलं की थांबायचे, मागं ओढलं की तेच पुन्हा सांगायचे, तेही कपाळाला आठी न घालता. त्या बोटानंच तिला तोंड फुटलं होतं. इतकं की आज पैजेवर सरांनाच सवाल.

शाळा सुटल्यावर जगदेवीनं बोरांचा डबा पुढं केला. "घे. लई भारी विचारलंस. सुटलो एकदाचे."

"मला नकोत बोरं," मदिहा म्हणाली. "तुमी माझ्या घरी या की व्हिडिओ बघायला."

"कवा?" गायत्री हसली. "घरी गेलं की शेळ्या, मग पाणी. दिवे लागायला मोकळी होते मी. तुझं बरं हाय बाई."

तुझं बरं हाय. मदिहा घरापर्यंत तेच घोळवत गेली. तिचे अब्बा खाजामियाँ तेरखेड्याच्या फटाक्यांच्या शेडवर कामाला. तिथं ठिणगीच्या भीतीनं मोबाईल न्यायला बंदी, म्हणून फोन दिवसभर घरीच, फळीवर. शाळा सुटल्यापासून अब्बा येईपर्यंत तो तिचाच. आपण लई हुशार झालो असं तिला वाटत होतं. त्यातली निम्मी हुशारी त्या फळीवरची निघाली. आणि गायत्री मोकळी व्हायची ती नेमकी अब्बा येऊन फोन हातात घ्यायच्या वेळेला.

अंधार पडता पडता अब्बा आले. नळावर घासून घासून हात धुतले, तरी फटाक्यांच्या दारूचा वास राहिलाच. खाटेवर बसून त्यांनी हात पुढं केला. "मदिहा, फोन आण बेटा. सोलापूरला तुझ्या चाचाला लावतो."

मदिहानं फोन आणला, पण दिला नाही.

"दे की त्यांना," अम्मी चुलीपाशनं म्हणाली. "दिवसभर उभं राहून आलेत."

"देते अम्मी. आधी ऐका दोघं. उद्यापासून दिवे लागले की गायत्री आणि जगदेवी आपल्याकडं येणार. सरांचा व्हिडिओ संपेपर्यंत फोन आमच्याकडं राहील. अब्बा, तुम्ही चाचांशी त्याच्यानंतर बोलायचं. मी त्या दोघींना अजून सांगितलं न्हाय, पण माझं ठरलंय." तिनं फोन अब्बांच्या हातावर ठेवला. "आणि व्हिडिओ थांबवायचं बोट गायत्रीचं असंल, माझं न्हाय."