मी ‘टाका’ लिहिलं त्या गुरुवारी

शनिवारी दुपारी माझी धाकटी बहीण दवाखान्यातल्या नोकरीवरून आली ती चपलांसकट आत आली. पर्स खुर्चीवर टाकली, कानातली दोन्ही मशीनं काढून टेबलावर ठेवली, शेजारी फोन ठेवला. मशीनं काढली की तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणजे तिला फक्त बोलायचं होतं.

"सोमवारपासून मी फायलींच्या खोलीत," ती म्हणाली. "आमच्या मुख्य बाईंनी आज सांगून टाकलं. समोर एक म्हातारा पत्ता सांगतोय आणि माझ्या कानात काही नाही. परत विचारलं, परत काही नाही. तो रांगेकडे वळून म्हणतो, हिला इथे बसवलंय कोणी? एकवीस वर्षं त्या खिडकीवर बसतेय मी, दादा. एकवीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं."

टेबलावरच्या फोनकडे न बघता मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो.

तिचं काम नोंदणीच्या खिडकीवर. जाड काच, काचेला पंजाएवढं भोक, पलीकडे शंभर माणसांचा गलका. नुसत्या मशीनवर त्या गलक्यातून एकाचा आवाज वेगळा काढता येत नाही. म्हणून ती फोन काचेबाहेरच्या फळीवर ठेवायची. समोरचा माणूस बोलला की फोन त्याचं बोलणं उचलायचा आणि थेट तिच्या कानात सोडायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. नऊ दिवसांपूर्वी मी तिच्या फोनवर नवीन अपडेट टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो आवाज तुटायला लागला. पाच-सात मिनिटं नीट, मग चार-पाच सेकंद शून्य, मग पुन्हा नीट.

तिने मला लगेच सांगितलं होतं. "मशीनच्या बॅटऱ्या उतरल्या असतील," असं मी म्हणालो. बॅटऱ्या बदलल्या. मग मशीनवाल्याकडे दोन खेपा झाल्या. त्याने साफ केली, तपासली, दोष नाही म्हणाला. त्यातच आठवडा गेला. मी तिला इतक्या ठामपणे मशीनवाल्याकडे पिटाळलं, कारण अपडेटमध्ये खोट नाही याची मला खात्री होती. तसं जाहीर करणारा मीच होतो.

निवृत्त होईपर्यंत मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. फोनमधलं मला विशेष कळत नाही, आजही नाही. पण फोनच्या शौकिनांचं इंटरनेटवर एक मंडळ आहे आणि तिथली भांडणं वाचता वाचता मी त्यात ओढला गेलो. दिवसभर बातम्या येतात: कोणाचा कॅमेरा सुधारला, कोणाच्या पडद्यावर हिरवी रेघ आली, येऊ घातलेला घडीचा, म्हणजे मध्ये दुमडणारा फोन कसा दिसेल. प्रत्येक बातमीखाली दोन तट एकमेकांची उणीदुणी काढतात. आमच्या मॉडेलचा विभाग ‘कप्तान’ हे टोपणनाव घेतलेला एक माणूस चालवतो. एकदा त्याच्या लेखातल्या सतरा चुका मी त्याला खासगीत कळवल्या आणि त्याने मला कामालाच लावलं. तिथे मला सगळे आजोबा म्हणतात.

तिथली रीत अशी. अपडेट आलं की हौशी लोक उडी मारतात आणि ठरलेल्या नमुन्यात नोंद करतात: मॉडेल, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, तासाभराने बॅटरी किती उरली, फोन किती तापला, कॅमेरा कसा, गेम कसे चालतात. बाकीचे वाट बघत थांबतात. नमुना न पाळलेली नोंद काढून टाकणं माझं काम, नाहीतर कोणीही येऊन नुसतं ‘भंगार आहे’ लिहून जातो. तिसऱ्या दिवशी सगळ्या नोंदी वाचून मी एक शब्द लिहितो. ‘टाका’ किंवा ‘थांबा’. त्या गुरुवारी मी ‘टाका’ लिहिलं. त्याखाली आजवर चारशे सहा जणांनी आभाराचं बटण दाबलं आहे. खोटं कशाला सांगू, तो आकडा मी रोज पाहायचो.

बहीण आत गेली तसा मी संगणकापुढे बसलो आणि पहिल्यांदाच मंडळात विचारलं: कानाच्या मशीनला जाणारा आवाज तुटतो, आणखी कोणाला अनुभव?

"आजोबा, आधी कान तपासून घ्या," एकाने लिहिलं.

"इथे बॅटरीचं चाललंय, मध्येच हे काय?"

"आजोबांना ऐकू येत नाही म्हणून कंपनीवर खापर." त्याखाली हसरे चेहरे, अकरा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या पोरांनी कॅमेऱ्याने चंद्राचे फोटो काढून बघितले, फोन फ्रिजमध्ये ठेवून बघितला, पण त्या फोनवरून कोणी ऐकतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. नमुन्यात तो रकानाच नव्हता. मग आठवलं, नमुना दोन वर्षांपूर्वी मीच नीट करून दिला होता.

काढून टाकलेल्या नोंदी महिनाभर एका कप्प्यात राहतात. तो कप्पा फक्त कप्तानला आणि मला दिसतो. तिथे मला ती सापडली. मंगळवारची, म्हणजे निकालाच्या दोन दिवस आधीची. ‘मुंगी’ नावाच्या सदस्याने लिहिलं होतं:

"आईच्या कानाच्या मशीनला फोनचा आवाज जातो, तो दर पाच-सात मिनिटांनी तुटतोय. कालपर्यंत ठीक होतं. ज्यांच्या घरी अशी मशीनं आहेत त्यांनी टाकू नका. टाकलं असेल तर सात दिवसांत जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. नंतर कंपनी ती वाट बंद करते."

खाली माझं वाक्य: "आवृत्तीचा क्रमांक दिलेला नाही. नमुन्याप्रमाणे भरून पुन्हा पाठवावे."

मुंगीने पुन्हा पाठवलं नव्हतं. का पाठवावं?

मी कप्तानला लिहिलं, "मुंगीची नोंद परत लावतोय. निकालही बदलतोय."

"आज नको, आजोबा."

"का?"

"येत्या गुरुवारी कंपनीचा घडीच्या फोनचा कार्यक्रम आहे. आपल्याला पहिल्यांदाच बोलावलंय, तेही पुढच्या रांगेत. आठवडाभर वापरायला फोन देतायत. शुक्रवारी लावा आणि पाहिजे तेवढी बोंब मारा."

"तोपर्यंत किती जणांचे सात दिवस संपतील?"

"मशीन वापरणारे आपल्यात किती? दोन? तीन?"

"एक माझ्या घरात आहे."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "ती नोंद मी काढलेली नाही. काढणाऱ्याचं नाव खाली आहे. चारचौघांत दाखवायचं असेल तर दाखवा."

राग आला की मला शब्द सुचत नाहीत. सुचतात ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा ते कोणाला नको असतात. मी संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात गेलो.

बहीण मशीनं घालून बसली होती. फोन समोर, हातात घड्याळ, कागदावर वेळा टिपत होती: किती मिनिटांनी तुटतं, किती सेकंद. तिची ती पद्धत आहे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुंगी, नमुना, सात दिवस, सगळं.

तिने घड्याळावरून नजर वर केली. "आत्ता मध्येच आवाज गेला होता. परत सांग."

दुसऱ्यांदा मला दोनच वाक्यं सांगता आली. "एकाने आधीच लिहिलं होतं की आवाज तुटतो. ती नोंद मी काढून टाकली."

"कुठली नोंद? दाखव."

माझा फोन टेबलावर होता. तो तिने उचलला. आमचे दोघांचे फोन सारखे, एकाच दिवशी घेतलेले. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, नवीन अपडेट उपलब्ध. ती ते वाचत राहिली.

"तुझ्या फोनवर टाकलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"मी जरा थांबतो नेहमी. म्हटलं, काही दिवस बघू."

"कोणावर बघू?"

मी टेबलावरचा तिचा कागद सरळ केला.

"लोकांना टाका म्हणालास. माझ्या फोनवर स्वतःच्या हाताने टाकलंस. आणि आपण काठावर बसलास, पाय न भिजवता." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "नऊ दिवस मी घरी येऊन तुला सांगतेय, आणि नऊ दिवस हा चांगला फोन तुझ्या खिशात. बदलून द्यायचं सुचलं नाही तुला?"

सुचलं नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण सुचलं होतं. गेल्या रविवारीच सुचलं होतं. फोन पुढे केला असता तर तिने हाच प्रश्न विचारला असता, म्हणून मी तो पुढे केला नाही. मी तिला तेही सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हाही तिने असं बघितलं नव्हतं.

"पुस्तकातला किडा," ती म्हणाली. "एक ओळ चुकली तर तुझा जीव वरखाली होतो. आणि इथे माणूस बहिरा झाला तर चालतंय." मग माझा फोन माझ्यापुढे धरला. "उघडून दे."

तिने दोन्ही फोनमधली सिमकार्डं काढली, अदलाबदल केली, माझ्या फोनला आपली मशीनं जोडली. मला गॅलरीत उभं केलं, काचेचं दार ओढून घेतलं, आतून रेडिओ मोठा केला, पंखा पाचवर. फोन माझ्या शेजारी स्टुलावर.

"वाच," ती आतून ओठ हलवून म्हणाली.

हाताला लागला तो शब्दकोश मी नेला होता. तो वाचायला लागलो. शब्द, अर्थ, शब्द, अर्थ. समोरच्या गॅलरीतल्या बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता थांबून बघू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जरा थांबलो की आतून काचेवर टकटक. एक तास दहा मिनिटं मी वाचलं. तिच्या कागदावर एकही वेळ टिपली गेली नाही.

दार उघडून ती म्हणाली, "सोमवारी मी खिडकीवर बसणार. बाईंशी काय बोलायचं ते माझं मी बघते. तू तुझी घाण निस्तर."

मी मुंगीची नोंद विभागात सगळ्यात वर लावली. खाली लिहिलं: "थांबा. ही नोंद मी काढली होती, चूक माझी. ‘टाका’ लिहिलं तेव्हा माझ्या स्वतःच्या फोनवर हे अपडेट नव्हतं. ज्यांचे सात दिवस उरलेत त्यांनी आजच परत जावं." या वेळी शब्द सापडले होते.

वीस मिनिटांत ते सगळं गायब झालं आणि माझे अधिकारही गेले. कप्तानचं एक वाक्य आलं, "वयाचा मान ठेवतो म्हणून एवढ्यावर सोडतोय." ते मी तीनदा वाचलं. वयाचा मान. पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीसाठी लोकांचे कान विकणारा हा माणूस मला मान देणार.

रविवारी सकाळी मुंगीला खासगीत माफी मागणारं पत्र लिहिलं. चार परिच्छेद झाले होते, तीन खोडले. तासाभरात उत्तर आलं.

"आम्ही वेळेत परत गेलो, आईचं ठीक आहे. तुमच्या माफीचं मी काय करू? त्या दिवशी आई दवाखान्यात होती, मी बाकावर बसून घाईघाईत लिहिलं, आणि तुम्ही मला क्रमांक विचारलात. तुमच्या ‘टाका’ खाली चारशे जणांची नावं आहेत. त्यांना सांगा."

नावं दिसत होती. ज्यांनी शेवटी बटण दाबलं त्यांचे दिवस शिल्लक असणार, म्हणून मी यादी खालून धरली. खासगी संदेश मिनिटाला एकच जातो. पहिला गेला, दुसरा गेला. काहींनी आभार मानले. एकाने विचारलं, तुम्हाला कोणत्या कंपनीने पेरलंय. एकाने लिहिलं, त्याच्या वडिलांना आठवडाभर असंच होतंय आणि घरातले सगळे त्यांच्यावर वैतागले होते. त्याचा शेवटचा दिवस होता. मी त्याला परत जाण्याच्या पायऱ्या एकेक करून लिहून पाठवल्या.

संध्याकाळी बहीण खुर्चीमागे येऊन वाचू लागली.

"हे ‘माझी बहीण, माझी चूक, मला झोप नाही’ कशाला? तुझं रडगाणं कोणाला हवंय? काय बिघडलं, काय करायचं आणि किती दिवसांत, एवढं सांग."

मी तेवढंच ठेवलं. पत्र चार ओळींचं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासली, माझं तिने तपासलं.

रात्रीचं जेवण व्हायच्या आतच एकशे बाराव्या नावापाशी खातं बंद पडलं. नियमभंग, एवढंच कारण दिलं होतं. कुठला नियम ते लिहिलं नव्हतं. नमुन्याशिवाय माझ्यावर कारवाई झाली होती. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या बंद पानाकडे बघत होतो. आपलं काम संपलं असं स्वतःला पटवायला दिवसभर लागतो, आणि मी जवळजवळ पटवलं होतं.

सोमवारी ती घरी आली, या वेळी चपला बाहेर काढून.

"बाई अर्धा तास माझ्या पाठीमागे उभ्या होत्या," ती म्हणाली. "एकेकाचं नाव, पत्ता, सगळं ऐकत. मग गेल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकीवर आहे. फायलींच्या खोलीत दुसरं कोणीतरी जाईल." ती बसली. माझ्याकडे बघून हसली नाही. "तुझं कुठवर आलं?"

"खातं बंद केलं त्यांनी."

"मग?"

"मग काय. बंद केलं."

"किती राहिले?"

"दोनशे चौऱ्याण्णव."

"दुसरं उघड."

"तेही बंद करतील."

"करू देत. मग तिसरं उघडशील. की परत काठावर बसायचंय?"

मी नवीन खात्याचं पान उघडलं. त्यांनी टोपणनाव मागितलं. मी तिथे माझं खरं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि तपासून पाहिलं. खाली बारीक अक्षरात सूचना होती: नवीन सदस्याला पाच मिनिटांत एकच संदेश पाठवता येईल. मी हिशेब केला, चोवीस तासांहून जास्त.

बहिणीने पडद्यावरची सूचना वाचली.

"बस मग," ती म्हणाली, आणि मशीनं काढून झोपायला गेली.