सेवेच्या रकान्यातली गाडी

ते पत्र चार महिने तपासनीसकाकांच्या खणात पडून होतं. खेड्यांतल्या शाळांत स्वयंसेवक धाडणाऱ्या सेवादलातल्या एका मुलीनं वहीच्या पानावर लिहिलेलं; काका त्याच सेवादलाचे हिशेब तपासत. "काका, तुम्ही तपासणीला आमच्या शाळेत आला होता, म्हणून तुम्हालाच विचारते. प्रवासभत्ता मागितला की पैसे नाहीत म्हणतात. रोज दोन तास चालून शिकवायला जातो. आम्हा सहाजणींतल्या दोघी सोडून गेल्या. खरंच पैसे नाहीत का?"

काकांनी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. आपण कोण सांगणारे? शिवाय कागदोपत्री सगळं चोख होतं. अनुदानाचा नियमच होता: शंभरातले दहाच रुपये कार्यालयावर, बाकी सेवेवर. सेवादलाचा आकडा कधी नऊच्या वर गेला नाही. काका तो एकच रकाना डोळ्यांत तेल घालून तपासत आणि खाली सही करत. ज्या रकान्याला मर्यादाच नाही, तिथं काय बघायचं?

आज सकाळी अनुदानखात्याचा नवा हुकूम आला. दहाचे आठ झाले.

"आता कसं बसवणार?" काकांनी मुख्य कारकुनाला विचारलं.

"काका, इतकी वर्षं बसवतोय ना! कार्यालयाचं भाडं टाकू 'प्रशिक्षणा'त. आपल्या संचालकसाहेबांची गाडी नाही का 'स्वयंसेवक प्रवासा'त धावत?"

काकांनी चष्मा काढला. "गाडी? कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. तुमच्याच तर सह्या आहेत." कारकून हसायचा थांबला. "म्हणजे... तुम्हाला ठाऊक नव्हतं? आम्ही म्हणायचो, काका भला माणूस, बघूनही बोलत नाही!"

काकांनी फाईल ओढली. पेट्रोल. टायर. सीटची कव्हरं, मखमली. प्रत्येक पानाखाली त्यांची वळणदार सही.  मुलींना न मिळालेला प्रवासभत्ता याच पानांवर होता.

"काका, निवृत्तीला दोन महिने राहिलेत. कशाला हात पोळून घेता?"

काकांनी फाईल उचलली. पावत्यांच्या दोन-दोन नकला काढल्या. एक संच अनुदान देणाऱ्या खात्याला. दुसऱ्यासोबत चिठ्ठी, या वेळी एका दमात लिहिलेली: "बाळ, पैसे होते. साहेबांच्या गाडीत गेले. मी न बघता सह्या केल्या. वरही कळवलं आहे. उशीर झाला."

ती अजून तिथं असेल की नाही, कोण जाणे. काकांनी कोपऱ्यावरची टपालपेटी गाठली. दोन्ही पाकिटं आत पडल्याचा आवाज त्यांनी नीट ऐकला.