शिवेला फुटलेलं रगत

दुपारच्या आत आमच्या शिवेवर चारशे माणसं, दोन पोलीस, एक कुल्फीची गाडी आणि जमिनीतून आलेलं रक्त, एवढं सगळं जमलं होतं.

आमचं गाव आणि शेजारची टाकळी, दोघांची शीव निजामाच्या नकाशापासून भांडणात. त्या भांडणाच्या पट्ट्यातच रहेमतबीचं पत्र्याचं घर. चाळीस वर्षं ती तिथं राहते, सीताफळं विकते, पण घराची नोंद कुठल्याच गावच्या दफ्तरात नाही. आज मोजणी झाली की नाव लागणार होतं. मोजणीवाल्यानं चुन्याची फक्की टाकत पांढरी रेघ आणली, घर आमच्या गावात घेतलं, आणि नेमके तेव्हाच उपसरपंच बंकटरावांनी आणलेले सीमानाथ महाराज आडवे आले.

“मातेच्या अंगावर रेघ ओढता? थांबा, तीच बोलंल!”

तांब्यातलं तीर्थ त्यांनी रेघेवर शिंपडलं. पांढरी रेघ लालभडक झाली.

“रगत!” बायांनी हात जोडले. मीही दचकले, खोटं कशाला सांगू.

महाराजांना चेव आला. “ही शीव न्हाई, मातेची शीर हाय! हितं मोजायचं न्हाई, मंदिर बांधायचं. आदी हे बिऱ्हाड हलवा!”

रस्त्यालगतच्या याच जागेवर बंकटरावांचा तीन वर्षं डोळा होता. मातेला ते बरं ठाऊक होतं.

मोजणीवर देखरेखीला आलेल्या मंडळ अधिकारी साहेबांनी बूट काढले. इथवर चालून गेलं असतं. पण मग त्यांनी पंचनामाच लिहायला घेतला: ‘मोजणीवेळी जमिनीतून रक्तस्राव झाल्याने काम तहकूब.’ पुरावा म्हणून पांढरा रुमाल त्या लालीत भिजवला. ते बघून रहेमतबी आपल्या उंबऱ्यात जाऊन बसली. महाराजाची थाप चार दिवसांत विरते; सरकारी कागदावर चढलेली थाप नातवंडांना पुरते.

“गंगासागरकाकू, पंच म्हणून अंगठा द्या,” बंकटराव म्हणाले.

गंगासागर म्हणजे आमची हाडं बसवणारी. दोन्ही गावांचे मुरगळलेले पाय तिच्या मांडीवर येऊन गेलेले.

“कशावर देऊ?”

“हे काय, रगतावर.”

तिनं वाकून लाल माती बोटावर घेतली, हुंगली. “बंकटा, पोळ्याला बैलामागं पळताना पडलतास. घोट्याला म्या काय लावलतं?”

“हळद-चुना.”

“रंग कसा झालता?”

मागून कुणीतरी ओरडलं, “लाल!”

“मंग तवा तुज्या घोट्यात माता आलती का रं?”

कुल्फीवाला आधी हसला, मग सगळे.

“म्हातारे, शाप लागंल!” महाराज गरजले.

“लागू दे. आदी तुजा तांब्या दाव.”

महाराजांनी तांब्या पोटाशी धरला.

“ऱ्हाऊ दे. रहेमत, लिंबू हाय का गं?”

“हाय की, टोपलीत हाय.” रहेमतबी उठली. साहेबांच्या रुमालावर तिनंच लिंबू पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा पडला.

“आयला, रगताला कावीळ झाली!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पोलिसानं तांब्या हिसकून उपडा केला. पिवळं पाणी सांडलं, बुडाशी हळदीचा गाळ.

“पण मी तर लिहिलंय,” साहेब पुटपुटले.

“खोडा मंग,” गंगासागर म्हणाली. “तुमी खोडलं की मंगच अंगठा देईन.”

साहेबांनी खोडलं. नवा कागद झाला, मोजणी पुरी झाली. रहेमतबी हटून बसली: “माझं नाव वाचून दाखवा, साहेब. मोठ्यानं.” चारशे माणसांसमोर त्यांना ते वाचावं लागलं.

हळद आणि चुना भेटले की लाल होतात, लिंबू पडलं की पुन्हा पिवळी हळद दिसते. एवढीच ती माता. देव मानायचा त्यानं खुशाल मानावा; पण देवाच्या नावानं कुणी कुणाचं घर मागू लागला, आणि सरकार ते लिहून घेऊ लागलं, तर अंगठा देण्याआधी विचारा: तांब्यात काय आहे?

हळद तुमच्याही घरात आहे. आज पोराबाळांसमोर करून बघा.