दहा बोटं

प्रेंटिससाहेबांनी शिडीवर चढून कायद्याचा आणखी एक ग्रंथ ओढून काढला, तो उघडायच्या आतच परत फटीत ठोसला आणि खाली उतरले. खाली आल्यावर वाटलं, तोच बरोबर होता. ते पुन्हा चढले.

"पडाल!" स्वयंपाकघरातून नोरा ओरडली. बाईसाहेब गेल्यापासून घर तीच सांभाळत होती आणि साहेबांना ती थेट आरोपीसारखं वागवत असे. "सकाळपासून पायाला भिंगरी लागलीय नुसती. काय हरवलंय ते सांगा, मी शोधून देते."

"तुला नाही सापडायचं."

"तुम्हाला तरी कुठं सापडतंय!"

खरंच सापडत नव्हतं. गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात सरकारी सूचना छापून आली होती. अमेरिकेचं जर्मनीशी युद्ध चालू असल्यामुळे चौदा वर्षांवरच्या प्रत्येक जर्मन बाईने पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवायचं, चार फोटो द्यायचे आणि दहाही बोटांचे ठसे उमटवायचे. सव्वीस जून ही शेवटची तारीख. आज पंचवीस होती. आणि साहेबांची एकुलती एक मुलगी हॅटी, जी याच घराच्या माडीवर जन्मली, जिने शिकागोच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं, ती कायद्याच्या लेखी जर्मन होती. चार वर्षांपूर्वी तिने चर्चचे ऑर्गन बांधणाऱ्या कॉनराड वेगेनरशी लग्न केलं. अकरा वर्षांमागचा कायदा सांगत होता की नवऱ्याचा देश तोच बायकोचा देश. कॉनराडने नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, पण मध्ये युद्ध आडवं आलं.

साहेब स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. आधी शाळामास्तर, मग एका वकिलाच्या कचेरीत बसून कायदा शिकले, मग सरकारी वकील, आणि १९०५ साली राष्ट्राध्यक्षांच्या सहीने केंद्र सरकारचे न्यायाधीश झाले, तेही तहहयात. रेल्वेचा मालक असो नाहीतर चोरटी दारू गाळणारा, सवलत मागायला आलेला माणूस त्यांच्या कोर्टातून हात हलवत परत जायचा. वकील मंडळी म्हणत, प्रेंटिसच्या कोर्टात प्रत्यक्ष देव साक्षीला आला तरी त्याला हात वर करून शपथ घ्यावी लागेल. साहेबांच्या कानावर हे आलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडलं होतं. तोच माणूस आता शिडीवर चढून कायद्यात फट शोधत होता.

त्याहून जीव खात होती ती दुसरीच गोष्ट. हॅटीने त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. फेब्रुवारीत कॉनराडचे ठसे घेतले गेले, चर्चवाल्यांनी त्याला बोलावणं बंद केलं, तरी ती दर रविवारी यायची, भाजलेलं मांस खायची, गुलाबांना कीड लागलीय म्हणायची आणि निघून जायची. तिने एकदा तोंड उघडून मागावं, एवढीच साहेबांची इच्छा होती. मागितल्यावर आपण हो म्हणू की नाही, हे मात्र त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दहाच्या सुमारास हॅटी आली. अंगात पांढरा ब्लाउज, हातात फोटोंचं पाकीट.

"ठाण्यात निघालेय, बाबा. कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हटलं."

"बस जरा."

"गर्दी होईल."

"बस म्हणतो ना! एक मार्ग आहे." साहेब स्वतः मात्र बसले नाहीत. टेबलापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टेबलापर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. "लग्न संपलं की बाईचं नागरिकत्व परत मिळतं. कायद्यातच आहे. नेवाडात सहा महिने राहायचं, की घटस्फोट मिळतो. कागदोपत्री फक्त. ही नोंदणी आज चुकणार नाही, पण पुढच्या वर्षी तू पुन्हा इथली होशील. युद्ध संपलं की करा परत लग्न."

हॅटीने हातातलं पाकीट मांडीवर ठेवलं आणि त्याची कड नखाने दाबत बसली.

"मिसेस स्टेनरूड आठवतात?" तिने विचारलं.

न आठवायला काय झालं! पाच वर्षांपूर्वीचा खटला. बाई इथल्याच, टपालमास्तरीण. नॉर्वेहून आलेल्या माणसाशी लग्न केलं म्हणून नोकरी गेली, तेव्हा त्या सरकारविरुद्ध कोर्टात आल्या. साहेबांनी चार पानांत निकाल दिला होता. बाईने राजीखुशीने लग्न केलं, परिणामही राजीखुशीने सोसावा, आणि परतीचा दरवाजा कायद्याने उघडाच ठेवलेला आहे. निकालाची भाषा इतकी स्वच्छ होती की दोन्हीकडच्या वकिलांनी येऊन साहेबांशी हस्तांदोलन केलं होतं.

"रेडक्रॉसमध्ये आम्ही शेजारी बसून मोजे विणतो," हॅटी म्हणाली. "त्यांनी तुमचं ऐकलं. कागदोपत्री घटस्फोट घेतला, नोकरी परत मिळवली. नवरा मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहायला लागला. चारचौघांत मुलं त्याला 'मिस्टर स्टेनरूड' म्हणायची. दोन वर्षं असं चाललं. मग एक दिवस भाडेकरू जातात तसा तो निघून गेला."

साहेब खिडकीशी थांबले.

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार, बाबा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती उठली, नोराचा निरोप घेऊन फाटकाबाहेर पडली. साहेबांनी एक पुस्तक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. मग कोट घेतला आणि उन्हात जवळजवळ पळतच तिच्यामागे गेले.

ठाण्यातल्या बाकांवर पंधरा-वीस बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. घरची भाषा चारचौघांत बोलायला बंदी, आणि इंग्रजी बोलावं तर उच्चार घात करणार. साहेबांना पाहताच ठाण्याचा प्रमुख डूली खुर्चीवरून ताडकन उठला.

"जजसाहेब! अहो, तुम्ही कशाला आलात? निरोप पाठवायचा, मीच आलो असतो घरी. हॅटी एवढीशी होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. फोटो ठेवून जा. शाईबिईचं बघतो मी. आत चला, दोन मिनिटांचं काम. कोण विचारतंय!"

बाकांवरची चुळबुळसुद्धा थांबली. टेबलासमोर एक म्हातारी दहाही काळी बोटं वर धरून फडक्याची वाट पाहत उभी होती. तीही मान वळवून बघू लागली.

हेच वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून साहेब आठवडाभर तडफडत होते. आता ते समोरून चालत आलं होतं, आणि त्यांची मान होकारासाठी हललीही असती. त्यांनी हॅटीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि तिची मान लालबुंद झाली होती. जजची मुलगी म्हणून शाळेत बाई तिला सगळ्यांच्या पुढे बसवायच्या तेव्हा ती अशीच लाल व्हायची. घरी येऊन रडायची. आपण तेव्हा हसलो होतो.

"रांग कुठं संपते?" साहेबांनी विचारलं.

"रांग? साहेब, तुम्हाला कसली रांग—"

"मी विचारलं, रांग कुठं संपते. आणि डूली, बोटं दहाच्या दहा."

डूलीने भिंतीकडे बोट दाखवलं. हॅटीने घड्याळावरची नजर काढून बापाकडे पाहिलं. मग ती भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि साहेब तिच्या शेजारी उभे राहिले. बाकावरच्या एका जाड बाईने सरकून जागा केली, काहीतरी म्हणायला गेली आणि जीभ चावली. साहेबांनी मान झुकवून आभार मानले, पण ते बसले नाहीत.

तास-सव्वा तास गेला. नंबर आला तेव्हा डूली स्वतः टेबलाशी आला. हॅटीची बोटं त्याने एकेक करून शाईत लोळवली, कागदावर दाबली. एक अंगठा फिसकटला, तर तिनेच सांगितलं, पुन्हा घ्या. देश कोणता, असं डूलीने खाली बघत विचारलं.

"जर्मनी," हॅटी म्हणाली. शेजारच्या खिडकीची चौकट साहेबांनी घट्ट धरली आणि ती सही करेपर्यंत सोडली नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. फडक्याने शाई धड निघाली नव्हती. पायऱ्या उतरताना हॅटीने त्यांचा दंड धरला आणि कोटाच्या पांढऱ्या बाहीवर पाच डाग उमटले. तिने चटकन हात मागे घेतला.

"राहू दे," साहेब म्हणाले.

"नोरा घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे."

तिने पुन्हा दंड धरला. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "कॉनराड घरीच आहे. काम कुठंय त्याला. जेवायला येता?"

दोघं कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथं साहेबांचे पाय थबकले. नदीच्या हद्दी, रेल्वेच्या हद्दी, जिल्ह्यातल्या कुणाच्या कुंपणाचा दगड कुठं आहे, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. चार वर्षांत ते मुलीच्या घरी एकदाही गेले नव्हते.

"इकडे की तिकडे?" त्यांनी हळूच विचारलं.

हॅटी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग दंडाला धरूनच तिने त्यांना डावीकडे वळवलं.