चपलांची रांग

"अगं, टँकर आला! वस्तीवर आला!"

शाळेच्या फाटकातून कडूबा वरडत आला, तेव्हा मतदान संपायला अर्धा तास होता.

फुलंब्रीकडच्या आमच्या गावात टँकर गावठाणातच थांबायचा. धनगरवस्तीचा रस्ता खराब आहे, असं ग्रामपंचायतीचा जुना मेंबर बन्सी सांगायचा. टँकर वस्तीवर यावा म्हणून कडूबाची बायको आक्काबाई बन्सीच्या विरोधात उभी राहिली होती. वस्तीच्या बायका मजुरीवरून सुटून एकदमच रांगेला लागल्या, आणि नेमका तेव्हाच रस्ता चांगला झाला.

"कुणी धाडला?" आक्काबाईनं विचारलं.

"बन्सीनं. डायवर म्हन्तो, पटापट भरा, थांबनार नाय."

"अन् मत?"

"मेंढरं कालपासून तहानलीत. मत पाजायचं व्हय त्यांला?"

आमच्याकडं टँकरच्या रांगेत माणूस उभा नसतो. चप्पल ठेवून घरी जायचं. भावकीत डोकी फुटतील, पण दुसऱ्याची चप्पल कुणी सरकवणार नाही. बायकांनी चपला काढल्या, मतदानाच्या रांगेत ओळीनं मांडल्या आणि अनवाणी पळाल्या. शेवटची चप्पल उमेदवाराची.

वेळ संपताना रांगेत असेल त्याला चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवाल्यालाच मग मत देता येतं. केंद्राध्यक्ष मधुसूदन सर शहरातले, पुंडलिकनगरचे. साडेपाचला चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले.

"माणसं कुठायत?"

"येतेत की. नंबर लावलाय त्यांनी," कडूबा म्हणाला.

"बाबा, चपलेला चिठ्ठी देता येत नाही."

"मंग चप्पल वळखून ज्याची त्याला द्या."

सरांनी फाटक लावून घेतलं. चपला आत राहिल्या. बायका आल्या, त्या बाहेर उभ्या राहिल्या. पाय भाजत होते.

"सायेब," शेवटी त्यांच्यातली मालनबाई म्हणाली, "चपला तरी द्या."

त्या दिल्या.

बन्सी निवडून आला. गुलाल घेऊन वस्तीवरही आला.

"भाऊ, टँकर?" आक्काबाईनं विचारलं.

"रस्ता लई खराब हाय, वैनी."

तिनं मान हलवली, गुलाल लावून घेतला.

आता गावठाणात टँकरची वाट बघताना ती रांगेत चप्पल ठेवते आणि शेजारी अनवाणी उभी राहते.

"वैनी, चप्पल हाय की. सावलीला बसा," बन्सी परवा म्हणाला.

आक्काबाई जागची हलली नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सोबत ऱ्हाती तिला."